सहा महिन्यांचे होकार

एकाहत्तर वर्षांत अप्पा दवाखान्याची पायरी तीनदा चढले होते, आणि तिन्ही वेळा दुसऱ्याला बघायला. चौथ्या वेळी त्यांना फसवून न्यावं लागलं. ते काम काशीनं केलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला न दुखवता फसवायची कला तिला चांगलीच साधली होती.

विहिरीच्या पंपाचा फुटवॉल गळत होता, एवढं खरं होतं. पाइपाच्या तळाशी बसणारी ही झडप बिघडली की पंप थांबताच वर चढलेलं पाणी गपकन परत विहिरीत जातं, आणि दुसऱ्या दिवशी बादलीनं पाइप भरत बसावं लागतं. "नवा आणायला स्वरूप जाईल, पन त्याला वस्तू पारखता येत नाय," असं काशी भाकऱ्या थापता थापता तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर अप्पा आपणहून सदरा चढवून गाडीत जाऊन बसले. गाडी चालवायला धाकटा मुलगा स्वरूप. जयगडच्या बंदरावर क्रेन चालवणारा हा गडी खास रजा टाकून आला होता आणि वाटभर आईकडे बघायचं टाळत होता. बघितलं असतं तर दोघंही हसली असती.

हसण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. शिमग्यात पालखी टेकवतात त्या सहाणेवर जाताना अप्पा घाटीच्या चढणीवर दोनदा बसले. का बसलात विचारलं तर म्हणाले, "घाटी वाढलीय." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की वाडीतल्या दोघातिघांना ते पटलंसुद्धा. डाव्या कुशीवर झोपले की छातीत असे ठोके पडत की बाज हलायची. अप्पांनी बाजेचा पाय आखूड झालाय असं ठरवून त्याखाली लाकडाची ढलपी सारली. ढलपी सारूनही बाज हलायची ती हलायचीच, तेव्हा काशीनं स्वरूपला फोन केला.

शहरात मारुती मंदिराजवळ दवाखान्यासमोर गाडी थांबली आणि अप्पांना कट कळला.

"हितं फुटवॉल मिळतात?" त्यांनी विचारलं.

"तपासून मिळतात," म्हणत काशी खाली उतरली. भर रस्त्यात बायकोशी भांडणं वाडीच्या गावकराला शोभत नाही, म्हणून अप्पाही उतरले.

डॉक्टर दीक्षा मंडणगडच्या, पस्तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी दोनदा रक्तदाब मोजला. "वरचा एकशे सत्तर, खालचा पन्नास. दोन्हींत फारच अंतर आहे," असं स्वतःशीच म्हणाल्या. अप्पांना पुढे वाकवून, श्वास सोडून धरायला लावून छातीचं बराच वेळ ऐकलं. मग मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे न बघता त्या अप्पांच्या डोक्याकडे बघत बसल्या.

"आजोबा, जेवलात का?"

अप्पांची मान खालीवर झाली.

"यंदा आंबा बरा आहे?"

मान हलली.

"काल विमानानं दुबईला गेला होतात?"

मान हलली.

"नाय!" अप्पा ओरडले. "काल मी घरी व्हतो!" ओरडतानाही मान आपली खालीवर, खालीवर चाललीच होती.

डॉक्टरांनी मनगट सोडलं. "प्रत्येक ठोक्याला मान हलतेय. हे मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी आज दुसऱ्यांदा बघतेय. कधीपासून आहे असं?"

काशीनं तोंडाला पदर लावला. कधीपासून ते तिला चांगलं माहीत होतं. दिवाळीपासून. पण त्याला दुखणं म्हणतात, हे सबंध वाडीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

हे कळायला त्या वाडीत जन्म काढावा लागतो. चाळीस वर्षं अप्पा तिथले गावकर. बैठकीत ते बोलत नसत. बाकीचे घसा बसेपर्यंत भांडत आणि शेवटी सगळे अप्पांकडे बघत. मान एकदा खाली आली की काम झालं. नाही आली तर विषय संपला, आपापल्या घरी जा. गावकराची मान हलली म्हणजे शब्द, आणि शब्द मागे घ्यायचा नाही, हा रिवाज अप्पांच्या वडिलांनी घालून दिलेला. घरातही अप्पा मान तशीच जपून वापरत. मोठा सागर मुंबईला नोकरीला जायचा होता तेव्हा तीन आठवडे ती हलली नव्हती. आणि गेल्या दिवाळीपासून म्हातारा अचानक विरघळला. काहीही विचारा, मान हलते. वाडीनं ती संधी साधून देवळाचा रंग मंजूर करून घेतला, रस्त्यासाठी अप्पांच्याच घरामागच्या परड्याचा दगडी गडगा हात-दोन हात मागे सरकवून घेतला. "अप्पा कसे मऊ झाले बगा," असं लोक कौतुकानं बोलू लागले. कुणी म्हणालं वयाचा गुण, कुणी म्हणालं देवीची कृपा.

कसली कृपा! पलीकडच्या खोलीत पडद्यावर अप्पांचं हृदय दिसत होतं आणि त्यात एक रंगीत झोत उलटा मागे येत होता.

"हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या मुख्य नळीच्या तोंडाशी ही झडप असते," डॉक्टर सांगू लागल्या. "रक्त पुढे गेलं की तिनं बंद व्हायला हवं. तुमची नीट मिटत नाही. गेलेलं रक्त निम्मंअधिक परत आत येतं. मग हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं. जोर लावून लावून ते ताणलं गेलंय, आकारानं वाढलंय."

"म्हंजे फुटवॉल गळतोय," स्वरूप म्हणाला.

फुटवॉल काय ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. स्वरूपनं समजावल्यावर त्या खूश झाल्या आणि म्हणाल्या, आता सगळ्यांना मी हेच सांगणार. अप्पा मात्र नाराज दिसले. आपल्या हृदयाला पंपाच्या रांगेत बसवलेलं त्यांना आवडलं नसावं.

पुढचं डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. गोळ्यांनी रक्तदाब खाली आणता येईल, दम थोडा कमी होईल, पण गोळीनं झडप मिटत नाही. ती बदलावी लागेल. मुंबईला नाहीतर कोल्हापूरला. छाती उघडून. त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन किडलेले दात काढायचे, कारण तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात. ओझं उचलायचं नाही, घाटी चढायची नाही. नवी झडप दोन प्रकारची: धातूची घातली तर जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि सारख्या तपासण्या, या वयात बहुतेक वेळा दुसरी घालतात, प्राण्याच्या ऊतीपासून केलेली.

"लोखंडाचीच बरी," अप्पा म्हणाले. "जनावराचा काय भरवसा!" मग उठून सदऱ्याच्या गुंड्या लावू लागले. "बगू. पावसाळा जाव दे. गणपती जाव देत."

"आजोबा," डॉक्टर म्हणाल्या, "मोटर जळल्यावर फुटवॉल बदलून काय उपयोग? हृदय आणखी ताणलं तर नंतर झडप बदलूनही ते पूर्वीसारखं होणार नाही. आज करता येण्यासारखं आहे. गणपतीनंतर असेल की नाही, मी सांगू शकत नाही."

अप्पांची मान हलली. खोलीतल्या कुणीच ती होकारात धरली नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी हट्टानं खरा फुटवॉलही घेतला. दुकानदाराला सतरा झडपा काढायला लावून, फुंकून, उजेडात धरून एक पितळी पसंत केली. विहिरीची झडप आज संध्याकाळीच बसवायची आणि स्वतःची गणपतीनंतर, असा एकंदर बेत होता. मागच्या सीटवर काशी बसली होती. तिला भीती वाटत होती.  हा माणूस आपल्या हट्टापायी मरेल आणि मरतानाही कुणाचं ऐकलं नाही म्हणून खूश असेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि त्या भीतीच्या शेजारी आणखी एक दुखरी गोष्ट येऊन बसली होती. ती सांगायची तर काशीलाच लाज वाटली असती, पण सांगितल्याशिवाय चालायचं नाही. लग्नाच्या वर्षीच नणंदेनं तिच्या कानात घातलं होतं, "दादाला तुझी धाकटी भैन पसंत व्हती. बापसाच्या शब्दाखातर तुला केलान." काशीनं ते कधी नवऱ्याला विचारलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं पोटात ठेवलं. गेल्या फाल्गुनात पडवीत दोघं ओल्या काजी सोलत बसली होती, बोटं डिकानं काळी झाली होती, आणि म्हातारा मऊ झालेला होता, म्हणून तिनं धीर केला. "अवो, तवा तुमी मला बगूनच पसंत केलंत ना? का मामंजी म्हणले म्हणून?" अप्पांनी वर बघितलं नाही. पण पहिल्याच प्रश्नावर, दुसरा तिच्या तोंडातून निघायच्या आधी, मान हलली होती. त्या दिवसापासून काशी परड्यात शेण टाकायला जातानाही गुणगुणत होती. आता तो होकारही त्या गळक्या झडपेचाच निघाला होता.

घरी आले तर घरापुढच्या खळ्यात मांडव पडलेला. उद्या वर्षाची सत्यनारायणाची पूजा. त्यासाठी नालासोपाऱ्याहून सागर पहाटेच्या गाडीनं निघून आला होता, आणि मालगुंडला दिलेली लेक नंदा फणसपोळीची चळत घेऊन आली होती. काशीनं स्वरूपला गाडीतच बजावलं होतं, "झडपेचं सांग. मानेचं एक अक्षर बोलू नको."

"का गो?"

"मी सांगतंय म्हणून."

झडपेचं ऐकून सागर खळ्यातच मटकन बसला. पंचेचाळिशी उलटलेला माणूस, केस काळे करणारा, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नंदानं हंबरडा फोडला. मग दोघंही अप्पांवर तुटून पडली. सागर रागावून बघत होता: मुंबईत माझ्या ओळखी आहेत, उद्याच्या उद्या निघू. नंदा रडून बघत होती. स्वरूप ऑपरेशनच्या यशाची टक्केवारी सांगत होता. अप्पांनी तिघांचं ऐकत दोन हापूस चोखून खाल्ले, आणि म्हणाले, "माजं काय बिगडलेलं नाय. मी ठणठणीत हाय."

थोड्या वेळानं नंदा धावत स्वयंपाकघरात आली. "आये, झाले तयार! आपरेशन करायचं ना म्हणलंय, तर मान हलवलानी!"

"बरं झालं गो," काशी म्हणाली आणि आमटीत मीठ दोनदा घातलं.

नंदा तिथंच रेंगाळली. मग पाटावर टेकली आणि आवाज खाली आणून बोलली. अप्पांचं सगळं नीट होणारच, पण एवढं मोठं आपरेशन, म्हणून आधीच कानावर घालते. खालची कलमांची बाग अप्पांनी तिला दिलीय. तिथं ती फणसाच्या गऱ्यांचा आणि आंबापोळीचा कारखाना घालणार आहे. माघात विचारलं होतं, लगेच मान हलवलीनी. दादाला एवढ्यात सांगू नको.

नंदा गेली तो सागर आला. पाणी प्यायला. पाणी पिऊन झालं तरी जाईना. खालच्या बागेला मुंबईची एक पार्टी मिळालीय, मंगळवारी येतेय, करारनाम्याचा कागद बॅगेत आहे. अप्पांना पौषात विचारलं होतं. एका सेकंदात मान हलली. "नंदाला बोलू नकोस आई, ती उगाच रडेल."

काशीनं चुलीत फुंकर घातली. धूर झाला, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते सागरला दिसलं नाही. वाट सापडली होती. तिनं मागच्या दारी जाऊन स्वरूपला बोलावलं आणि त्याच्या कानात चार वाक्यं सांगितली. स्वरूप आधी "नको गो आये" म्हणाला, मग हसला, मग पुन्हा "नको गो" म्हणाला. पण तो तिचाच मुलगा होता.

जेवणं झाली. पडवीत सगळे टेकले. अप्पा झोपाळ्यावर, बाकीचे चटईवर. काशीनं सुपारी कातरून नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि गोड आवाजात सुरुवात केली.

"उद्या पूजा हाय. पूजेआधी घरात गाठ ठेवू नये. अप्पांनी कुणाला काय दिलानी असंल तर ज्यानं त्यानं उघड बोलावं."

सागर आणि नंदा दोघांनीही आईकडे विश्वासघात झाल्यासारखं बघितलं. सागर मोठा, म्हणून त्याला खाकरावं लागलं.

"खालची बाग विकायला अप्पांनी परवानगी दिलीय. मी बोलणारच होतो."

"काय?" नंदा उठून उभी राहिली. "खालची बाग मला दिलानी! माघात!"

"मला पौषात. पौष आधी येतो."

"पौषात कुणी शुभ काम करतं का?"

"थांबा थांबा," स्वरूप चटईवरूनच म्हणाला. "तुमचं काय ते बगा, पन बाग माजी. शिमग्याला इचारलं व्हतं. मी तितं पावण्यांसाठी खोल्या बांधतोय. मदी पवायचा तलाव."

मग जे सुरू झालं ते ऐकायला शेजारच्या घरातली माणसं गडग्यापर्यंत आली. आधी सागर आणि नंदा एक होऊन स्वरूपवर धावली: तू जवळ राहून सगळं गिळतोस. मग नंदाला आठवलं की सागर बाग विकणार आहे, तेव्हा ती स्वरूपकडे सरकली: निदान घरात तरी राहील. मग सागरनं नंदाला देऊ केलं की पार्टीकडून तुझ्या कारखान्यापुरता तुकडा सोडवून घेऊ, तशी ती परत सागरकडे गेली. काशी सुपारी कातरत होती. तिला मनातून मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

"गप!" झोपाळा करकरला. "मी कुणाला बाग दिलेली नाय!"

"मान हलवलीत अप्पा!" तिघं एकदम ओरडली.

"कवा हलवली?"

"आत्ता पन हलवताय!"

अप्पांनी हातानं मान धरली. हात काढला तशी ती पुन्हा हलू लागली.

काशीनं अडकित्ता खाली ठेवला. "अवो, गावकराची मान हलली म्हंजे शब्द. मामंजींनी घालून दिलानी. शब्द मागं घेता येत नाय. खरं का खोटं?"

"खरं," अप्पा पुटपुटले.

"मंग आता दोनच वाटा. तुमी ठणठणीत असाल तर मान तुमची. बाग तीनदा गेली. सागर इकील, उरंल त्यात नंदा शेड बांधील, आन् शेडीच्या मदोमद ह्यो तलाव खणील. नायतर मान तुमची नव्हं, त्या गळक्या झडपेची. तसं असंल तर तसं सांगा. हितं, समद्यांसमोर, तोंडानं. आन् झडप बदलायला चला."

 सागरनं स्वरूपकडे बघितलं. आता स्वरूपला गप्प राहवेना. त्यानं सांगून टाकलं, दुबईच्या विमानापासून सगळं. सागर उठला, बापाजवळ गेला, त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि मानेकडे बघत राहिला. ठोका, मान. ठोका, मान. त्याचा चेहरा पडला.

"पौषात मी कागद दाखवत होतो तेव्हाही हे चालू होतं," तो हळूच म्हणाला. "मी घाईत होतो. तुमच्याकडे नीट बघितलंच नाही. अप्पा, बाग राहू दे. आम्हाला काही नको."

"मला पन नको," नंदा रडत म्हणाली.

इथं काशी खवळली. पोरांच्या चांगुलपणानं सगळा डाव फुकट जाणार होता.

"कुणी काय सोडायचं नाय! सागर, कागद काढ. शाई आण गो नंदा. अप्पा बरे हायत, सही करू देत. बाग जाव दे, घर जाव दे! ह्यांना जगायचंच नसंल तर मी बाग घेऊन काय..."  इतका वेळ गोड असलेला आवाज मधेच चिरला. तिला रडायचं नव्हतं, ते बेतात नव्हतं, पण आता आवरेना.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं.  मग झोपाळा पायानं थांबवला.

"काशे," ते म्हणाले, "छाती फाडतात गो."

"ठावं हाय मला."

"मी भ्यालोय."

पोरांनी हे बापाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिघांनीही खाली बघितलं.

"मी पन," काशी म्हणाली. "तुमच्यापक्षी जास्त. म्हणून तर ह्यो तमाशा मांडला."

अप्पांनी तोंडातली सुपारी बाहेर थुंकली, धोतराचा सोगा सारखा केला आणि बैठकीत बसतात तसे ताठ बसले. गडग्यापाशी उभी असलेली माणसंही सावरून उभी राहिली.

"ऐका. मान माजी नव्हती. माजी झडप गळतेय. सोमवारी दातवाल्याकडं जायाचं, मंग सागर म्हणतो तितं मुंबईला. दिवाळीपासून आजपातुर ह्या मानंनं दिलेले समदे होकार रद्द. बागेचे, रस्त्याचे, देवळाच्या रंगाचे पन."

गडग्यापाशी कुणीतरी कळवळून म्हणालं, "रंग दिऊन झाला अप्पा!" पण तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. नंदा आईच्या गळ्यात पडली. काशी जिंकली होती. नवरा जगायला तयार झाला होता, याहून तिला काही नको होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. समदे रद्द म्हणजे समदे. तिचा एक गेला तर गेला. तिनं डोळे पुसले आणि सुपारीचं तबक उचललं.

"एक सोडून," अप्पा म्हणाले.

सगळे थांबले.

"फाल्गुनात काजी सोलताना काशीला दिला तो. तो झडपंचा नव्हता. तो मीच दिला."

ते काशीकडे बघत नव्हते. समोरच्या मांडवाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. काशीनं तबक पुन्हा खाली ठेवलं. खरं बोलतोय का म्हातारा? की बायको रडली म्हणून गोड लावतोय? फसवायची कला या घरात काही तिला एकटीलाच येत नव्हती. पण तिनं काय विचारलं होतं ते त्याच्या ध्यानात होतं. महिना ध्यानात होता, काजी ध्यानात होत्या. त्याला ऐकूच आला नसेल असं दवाखान्यापासून तिला वाटत होतं, तो प्रश्न त्यानं तीन महिने सांभाळून ठेवला होता. तेवढं तिला पुरलं.

पोरांचे चेहरे मात्र झपाझप बदलले.

"आईला काय दिलंत?" सागरनं विचारलं.

"आये, फाल्गुनात काय झालं?" स्वरूप म्हणाला. हा तर तिच्या कटातला गडी, पण त्याचेही डोळे बारीक झाले होते.

"ज्याचं त्याला ठावं," अप्पा म्हणाले आणि झोपाळ्यावर आडवे झाले.

काशी तबक घेऊन आत गेली. मागोमाग सागर आणि स्वरूप दाराशी येऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. मघाशी एकमेकांचे गळे धरणारी भावंडं आता एका पक्षात होती. नंदा त्यांच्या मधून आत घुसली आणि आईचा दंड धरला.

"आये, खरं सांग. बागच ना?"

काशीला हसू आवरेना. "बाग तुमी तिगां वाटून घ्या गो," ती म्हणाली. "माजं वाटण्याजोगं नाय."